वाटसरू आणि स्वारी

एकट्याने चालावे की सोबतीने, हा वाद इंग्रजी निबंधवाङ्मयात पुष्कळ दिवस चालत आलेला आहे. विल्यम हॅझ्लिट याने १८२२ साली प्रवासावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्याने आपला कौल निःशंकपणे एकांताच्या पारड्यात टाकला. आणि पुढे १८७६ साली स्टीव्हन्सनने पायी भटकंतीविषयी लिहिताना त्याचीच री ओढली. दोघांचे म्हणणे थोडक्यात असे की, सोबती आला म्हणजे त्याची चाल आपल्या पायांत येते, त्याचे बोलणे आपल्या विचारांत येते, आणि ज्या मोकळेपणासाठी घराबाहेर पडावे तो मोकळेपणा घरातच राहून जातो. फार बोलक्या मित्राबरोबर ज्याने एखादा घाट चढला असेल, तो हॅझ्लिटला दोष देणार नाही.

परंतु ह्या सगळ्या वादात एक गोष्ट ध्यानात घेतलेली दिसत नाही. दोन्ही पक्षांनी तराजूत घातले आहे ते केवळ चालणाऱ्याचे सुख. ज्यांच्या रानातून, ज्यांच्या शेताच्या कडेने, ज्यांच्या अंगणावरून हा चालणारा जातो, त्यांस त्याच्या एकटेपणाने किंवा सोबतीने काय फरक पडतो, हे कोणी विचारलेच नाही. त्यांच्या बाजूने पाहू लागले की, जो प्रश्न आवडीनिवडीचा म्हणून मांडला गेला तो नीतीचा होऊन बसतो. एकटा माणूस गावात शिरला म्हणजे तो वाटसरू असतो. त्याला पाणी मागावे लागते, वाट विचारावी लागते, कुत्र्याला भ्यावे लागते. त्याची गरज हीच त्याची सभ्यता होते. तीच वाट दीडशे जण मिळून चालू लागले की त्यांस कोणाचीच गरज उरत नाही. पाणी त्यांच्या पाठीवर असते, वाट दाखविणारा त्यांच्या पुढे असतो, आणि कुत्रीच त्यांस भितात. अशा समुदायाला आपल्या भाषेत वाटसरू म्हणत नाहीत. त्याला स्वारी म्हणतात. प्रत्येक जण स्वतःला वाटसरूच समजत असतो, ही गोष्ट निराळी.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट वाट आहे. पन्हाळ्यावरून मसाईच्या पठारावर चढून, कासारीच्या खोऱ्यातील वाड्यावस्त्या आणि रान तुडवीत पांढरेपाणी, पावनखिंड व शेवटी विशाळगड गाठणारी ही वाट महाराष्ट्रातील शिकलेल्या घरांत आता अपरिचित राहिलेली नाही. तिचा इतिहास शाळकरी मुलांसही पाठ असतो. १६६० सालच्या उन्हाळ्यापासून सिद्दी जौहराने पन्हाळ्याला वेढा दिला होता. आषाढी पौर्णिमेच्या रात्री, म्हणजे १२ जुलै रोजी, भर पावसात शिवाजी महाराज सुमारे सहाशे मावळे घेऊन गडाबाहेर पडले. शिवा काशीद महाराजांच्या वेषात दुसऱ्या पालखीत बसून शत्रूच्या हाती लागला आणि मारला गेला. पाठलाग जवळ आला तेव्हा गजापूरच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे निम्मे लोक घेऊन उभे राहिले, आणि महाराज विशाळगडी सुखरूप पोचेपर्यंत त्यांनी खिंड सोडली नाही. अंतर साधारणपणे साठ किलोमीटर धरतात. कोणी थोडे कमी सांगतो, कोणी अधिक, कारण त्या रात्री पावले नेमकी कोणत्या पाऊलवाटेवर पडली ह्याबद्दल सर्वांचे एकमत नाही.

आता दर वर्षी आषाढ लागला की ह्या वाटेवर माणसांचे तांडे निघतात. त्यांत महाविद्यालयांतील मुले-मुली असतात, बँकांतील कारकून असतात, साठी उलटलेले सेवानिवृत्त असतात, लहानग्यांस हाताशी धरून आलेली कुटुंबे असतात. दोन दिवसांत वाट पुरी करावयाची, रात्री आंबेवाडी किंवा करपेवाडीसारख्या एखाद्या वाडीत मुक्काम करावयाचा, असा सामान्यतः क्रम असतो. हे सारे चांगलेच आहे. आपल्या पूर्वजांचे शौर्य पुस्तकाच्या पानावर वाचणे निराळे, आणि त्याच पावसात, त्याच चिखलात, पायाला जळवा लागलेल्या असताना ते आठवणे निराळे. पोटऱ्यांना जे कळते ते कित्येकदा बुद्धीला कळत नाही. म्हणून ह्या चालण्याची थट्टा करणाऱ्या पंडितांच्या पंक्तीत मला बसावयाचे नाही.

तरीपण आषाढ हा महिना कोणाचा, हे विचारलेच पाहिजे. इतिहासाच्या पंचांगात ती एका अचाट रात्रीची तिथी आहे. त्या खोऱ्यातील शेतकऱ्याच्या पंचांगात ती भातलावणीची ऐन घाई आहे. तरव्यातील रोपे उपटून, जुड्या बांधून, चिखल केलेल्या खाचरांत ती ओळीने लावावयाची, आणि हे सगळे पाऊस हाताशी आहे तोवर. डोंगरउतारावरील भातखाचरे पायऱ्यांसारखी एकाखाली एक असतात. प्रत्येकाच्या कडेला मातीचा बांध असतो, तो हातभर रुंद असला तर पुष्कळ. त्या बांधाने खाचरात पाणी कोंडलेले असते. वरच्याचे जास्तीचे पाणी ठरलेल्या तोंडातून खालच्यात उतरते. हा बांध एका माणसाच्या, फार तर दोघा-चौघांच्या चालण्यासाठी असतो. त्यावरून दीडशे माणसे गेली की पहिली वीस नीट जातात, पुढची वीस घसरतात, त्याच्या पुढची घसरू नये म्हणून टाच रोवतात, आणि शंभरावा माणूस येईतो बांधाचा लगदा झालेला असतो. बांध फुटला की पाणी जाते, पाण्याबरोबर माती जाते, आणि काल लावलेली रोपे खालच्या शेजाऱ्याच्या खाचरात जाऊन पडतात. हे नुकसान पैशांत फार मोठे नसेल. परंतु ज्या आठवड्यात घरातील म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सर्वजण कमरेत वाकलेले असतात, त्या आठवड्यात एक बांध पुन्हा घालावयाचा म्हणजे काय, हे ज्याने कुदळ धरली असेल त्यालाच समजेल.

येथे दोष कोणाचा? दीडशेपैकी कोणालाही विचारा. तो प्रामाणिकपणे सांगेल की, मी बांध मोडला नाही, मी केवळ त्यावरून चाललो. आणि ते खरेच असते. नीतिशास्त्राच्या पुस्तकांत कृत्य आणि कर्ता ह्यांची गाठ एकास एक अशी घातलेली असते; समुदायाने केलेल्या कृत्याला ती गाठ लागू पडत नाही. एकेकाच्या पावलाने काही होत नाही आणि सर्वांच्या पावलांनी शेत जाते, अशी ही स्थिती आहे. माझ्या मते तिच्यातून सुटण्याची एकच रीत आहे. समुदायात शिरणाऱ्याने आपल्या पावलाचा हिशेब स्वतःचे एक पाऊल म्हणून करू नये, दीडशे पावलांपैकी एक म्हणून करावा. एकट्याला जे सहज क्षम्य ते समुदायातल्या एकाला क्षम्य नाही. एकट्या वाटसरूने कुंपणावरचे तोंडले तोडले तर शेतकरी हसतो. स्वारीतल्या प्रत्येकाने एक एक तोडले तर वेल उरत नाही.

आणि हा विचार मी काही परदेशातून आणलेला नाही. ज्या राजाच्या आठवणीने ही माणसे चालतात, त्याच राजाचे चिपळूणजवळ तळ देऊन राहिलेल्या लष्कराच्या अंमलदारांस लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. ते राज्याभिषेकाच्या सुमाराचे आहे. त्यात तोफा नाहीत, तलवारी नाहीत. दाणावैरण आहे, भाजी आहे, जळणाचे लाकूड आहे. पावसाळ्याच्या बेगमीची वैरण आताच उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुमचे लोक रयतेच्या घरांत शिरून कोणी धान्य, कोणी गवत, कोणी भाजीपाला नेऊ लागतील. आणि जी गरीब माणसे कशीबशी घर धरून राहिली आहेत ती परागंदा होतील, आणि म्हणतील की ह्यांच्यापेक्षा मोगल बरे होते, असा त्याचा आशय आहे. पुढे तर विस्तवाची काळजी सांगितली आहे. कोणी कोठे चूल पेटवील, कोणी तंबाखूसाठी निखारा नेईल, रात्री दिवा तसाच राहील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल, मग गवताच्या गंजी आणि छावणी जळून जाईल, इतक्या बारकाईने. मला त्या पत्रातील करुणेपेक्षाही तिच्यामागील तर्क अधिक महत्त्वाचा वाटतो. आपले लष्कर आपल्याच रयतेसाठी लढते आहे, तेव्हा रयतेने थोडे सोसावे, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. उलट हेतू चांगला असलेला मोठा समुदाय हाच गरिबाच्या अंगणाला मोठा धोका आहे, कारण त्याला आपल्या हेतूची खात्री असते, हे त्या पत्र लिहविणाऱ्याने पुरते ओळखले होते.

इंग्लंडातील गोष्ट येथे तुलनेसाठी घेण्यासारखी आहे. कारण सामुदायिक पदभ्रमणाचा जो उत्साह आपल्याकडे आला त्याचे एक मूळ तिकडे आहे. लेस्ली स्टीफन ह्या विद्वानाने १८७९ साली लंडनच्या आसपास रविवारी पायी भटकणाऱ्या मित्रांची एक मंडळी काढली होती. तीत तत्त्वज्ञ होते, इतिहासकार होते, आणि विशेष म्हणजे नामांकित कायदेपंडित होते. सरे व केंट परगण्यांतील वनराई, जुनी खेडी, जुनी देवळे ह्यांमधून ते एका दमात वीस-वीस मैल जात, आणि जमीनदारांनी लावलेल्या मनाईच्या पाट्यांकडे बिनदिक्कत दुर्लक्ष करीत. एखादा रखवालदार आडवा आलाच तर सर फ्रेडरिक पोलॉक ह्यांनी तयार केलेला एक कायदेशीर मंत्र ते म्हणत असत. आम्ही ह्या जमिनीवर वहिवाटीचा कसलाही हक्क सांगत नाही, आणि नुकसानीदाखल हा एक शिलिंग पुढे करतो, असा त्याचा भावार्थ होता. विनोद उत्तम आहे. तो उत्तम ठरतो ह्याचे कारण समोरचा पक्ष बलाढ्य होता. पुढे २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशरमधील किंडर स्काउट ह्या डोंगरावर सुमारे चारशे कामकरी तरुण हक्काने चढून गेले. ते माळरान धनिकांच्या शिकारीसाठी राखलेले होते. झटापट झाली, पाच जणांस तुरुंगवास घडला, आणि त्या प्रकरणाने लोकमत असे काही ढवळून निघाले की, १९४९ साली राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागातील प्रवेश ह्यांविषयीचा कायदा झाला, आणि २००० सालच्या कायद्याने उघड्या माळांवर पायी हिंडण्याचा हक्क पुष्कळ अंशी मान्य झाला.

हे सगळे वाचताना आपले रक्त सळसळते, आणि ते योग्यच आहे. पण त्या आवेशाची नक्कल आपल्या डोंगरांत करावयाची म्हणजे पात्रांची अदलाबदल विसरावयाची. तिकडे चालणारा गिरणीतला मजूर होता आणि जमिनीचा धनी उमराव. इकडे चालणारा महिन्याच्या महिन्यास पगार घेणारा आहे आणि जमिनीचा धनी अर्ध्या एकराच्या खाचरात वाकलेला आहे. पोलॉकचा शिलिंग सरदाराच्या रखवालदारापुढे धरला म्हणजे थट्टा होते. तोच करपेवाडीत कोणापुढे धरला तर अपमान होतो.

शिलिंगाचा विषय निघालाच आहे तर त्याचा निकाल लावलेला बरा. असे म्हणतात की, ह्या फिरणाऱ्यांमुळे वाड्यांतील लोकांना चार पैसे मिळतात. ते जेवण घालतात, राहावयास जागा देतात, तेव्हा तक्रार कोणाची? हे म्हणणे खोटे नाही, आणि ज्यांना त्या पैशांची गरज नाही त्यांनी ते तुच्छ लेखू नये. परंतु जो जेवण घालतो त्याचे घर वाटेवर असते, आणि ज्याचा बांध मोडतो त्याचे घर वाडीच्या पलीकडच्या टोकाला असते. पैसा एकाला मिळतो आणि नुकसान दुसऱ्याचे होते. आणि आपण मात्र ‘गावाला’ फायदा झाला असा जमाखर्च मांडून मोकळे होतो. गाव नावाचा कोणी माणूस नसतो.

ह्याहून अधिक बोचणारा असा एक आक्षेप आहे. ही वाट, ही खिंड, हा गड सर्व महाराष्ट्राचा आहे. तेथे जाण्यास कोणाची परवानगी मागावयाची? माझे उत्तर असे की, स्मृती सर्वांची असते, पण स्मृतीची जागा सर्वांची नसते. घोडखिंडीतील त्या दिवसाचा वारसा मुंबईतल्या मुलाचा जितका आहे तितकाच गजापूरच्या मुलाचा आहे, हे कबूल. परंतु गजापूरच्या मुलाचे त्या वारशाखेरीज तेथे घरही आहे. आपण ‘ऐतिहासिक गाव’ असे म्हणतो तेव्हा त्या विशेषणाने गावाचा मान वाढतो खरा. पण त्याच वेळी गावातील जिवंत माणसे आपल्या नजरेतून थोडी पुसट होतात. सगळी जागा जणू एका रात्रीसाठी उभारलेली रंगभूमी, आणि आता तेथे राहणारी माणसे म्हणजे नाटक संपल्यावर मागे राहिलेले कोणीतरी, असे काहीसे आपल्या मनात घडते.

हा दृष्टिदोष किती दूरवर नेऊ शकतो ह्याचे उदाहरण त्याच वाटेच्या शेवटी आहे. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरील अतिक्रमणांविरुद्ध मोठा जमाव निघाला होता. त्यातील काहींनी पायथ्याकडील गजापुरात शिरून घरांची, वाहनांची आणि एका मशिदीची मोडतोड केली. अतिक्रमणाचा वाद कायद्याने सुटावयाचा असतो, आणि त्याच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. गजापूरच्या घरांतील भांडीकुंडी फोडणारी माणसे आणि आषाढात भक्तिभावाने पावनखिंडीकडे जाणारी माणसे ह्यांना मी एका मापाने मोजत नाही. तसे करणे अन्यायाचे होईल. परंतु दोघांच्याही मनात गडाचे चित्र असते आणि गावाचे नसते, एवढे साम्य तरी मान्य करावे लागेल. एकाच्या बाबतीत त्याचे फळ मोडलेला बांध आहे, दुसऱ्याच्या बाबतीत मोडलेले दार. ज्या खिंडीला पावन म्हणावयाचे तिच्या उशाशी राहणाऱ्या बाईला संध्याकाळी माणसांचा घोळका येताना दिसला की धस्स व्हावे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता पुन्हा चालण्याकडे वळू; कारण समुदायाचे कर्तव्य केवळ परक्यांविषयी असते असे नाही, ते आपापसांतही असते. एकदा ह्या वाटेवरील एका वाडीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांची एक तुकडी पावसाने थांबली होती. मी तिच्याबरोबर होतो. एका घराच्या सोप्यात सगळे दाटीवाटीने उभे राहिले. घरातली म्हातारी डोक्यावर इरले तसेच ठेवून शेतातून आली, आणि पोरांकडे पाहून म्हणाली, ‘‘कुठनं आलासा रं पोरांनो? च्या टाकू का?’’ एका उत्साही मुलाने तिला विचारले, ‘‘आजी, पावनखिंड अजून किती राहिली?’’ त्याला उत्तर देण्याच्या आधी तिने बाहेर पावसात डोकावून विचारले, ‘‘मागं कोन ऱ्हायलंय का तुमच्यातलं?’’ खरोखरच दोन मुली मागे होत्या. एकीच्या पायाला मोच आली होती. पुढे असलेल्यांपैकी कोणाच्याही ते ध्यानात नव्हते.

पुढे किती राहिले, आणि मागे कोण राहिले, ह्या दोन प्रश्नांत सामुदायिक चालीचे सगळे नीतिशास्त्र आले असे मला वाटते. पहिला प्रश्न वाटेचा आहे, दुसरा माणसांचा. डोंगरात राहणाऱ्याला दुसरा प्रश्न आधी सुचतो, कारण मागे राहिलेल्याचे काय होते हे त्याने पाहिलेले असते. शहरातून आलेल्याला पहिला सुचतो, कारण तो अंतर संपविण्यासाठी आलेला असतो. आणि गंमत अशी की, ज्या रात्रीची आपण आठवण करतो त्या रात्रीचा वेग पुढच्या माणसाने ठरविलेला नव्हता. परंपरा सांगते की महाराज पालखीत होते. तसे असेल तर सहाशे मावळ्यांची चाल म्हणजे पालखीच्या दांडीखाली खांदा दिलेल्या भोयांची चाल होती. त्यांच्यापुढे धावून कोणाचे काहीच साधणार नव्हते. महाराष्ट्राच्या इतिहासातील ती सर्वांत घाईची रात्र ओझे वाहणाऱ्याच्या पावलांनी चालली. बाजीप्रभूंचे नाव आपण घेतो. पायथ्याच्या नेबापूरच्या शिवा काशीदाचे नाव पुष्कळ उशिरा का होईना पण आता घेऊ लागलो. त्या भोयांची नावे मात्र आपल्या तोंडी नाहीत.

कोणी म्हणेल, ह्या सर्वांचे उत्तर आपल्या वारीत आधीच दिलेले आहे. सामुदायिक चालण्याची इतकी जुनी आणि इतकी शिस्तीची परंपरा दुसरीकडे क्वचितच असेल. दिंडीचा क्रम ठरलेला, मुक्काम ठरलेला, वाटेतील प्रत्येक गाव कोणता वाटा उचलणार तो ठरलेला. लाखांचा समुदाय असूनही तो गावाला स्वारीसारखा वाटत नाही, कारण गाव त्यात यजमान म्हणून सामील असते, आणि चालणारा यजमानाच्या पाया पडतो. ह्यात तथ्य आहे. परंतु भाविकतेने सर्व दोष आपोआप धुतले जातात असे समजणे भोळेपणाचे होईल. इरावती कर्वे ह्यांनी आपल्या वारीवरील प्रसिद्ध लेखात, एकाच वाटेने एकच अभंग गात जाणाऱ्या माणसांच्या पंगती मात्र जातवार वेगळ्या बसत, हे आपले दुःख नोंदवून ठेवले आहे. एकत्र चालणे आणि एकत्र असणे ह्या दोन गोष्टी आहेत. आणि पहिलीवरून दुसरी आपोआप येत नाही.

सह्याद्रीतील गावांनी समुदायाला आवर घालण्याची एक रीत फार पूर्वी शोधून काढली होती, तिचा उल्लेख येथे केला पाहिजे. ती म्हणजे देवराई. गावाने देवाच्या नावाने राखलेल्या त्या रानात जुन्या दंडकाप्रमाणे कुऱ्हाड तर चालत नसेच, पण पुष्कळ ठिकाणी वाळलेली काटकीसुद्धा जळणाला नेत नसत. सुशिक्षितांनी बरेच दिवस ही अंधश्रद्धा मानली. १९७० नंतरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला. तेव्हा आजूबाजूचे रान नाहीसे झाल्यावरही जुनी झाडे आणि दुर्मीळ वेली त्या तुकड्यांत कशा टिकून राहिल्या, हे सर्वांस दिसले. मला त्यातील वनस्पतिशास्त्रापेक्षा त्या काटकीचा नियम विचार करण्याजोगा वाटतो. एका बाईने एक काटकी नेल्याने रान मरत नाही, हे काय त्या गावाला कळत नव्हते? पण बायका शंभर आहेत आणि वर्षे पुष्कळ आहेत, हेही त्याला कळत होते. बांधावरच्या शंभराव्या पावलाचा विचार त्यांनी पहिल्या काटकीपाशीच करून ठेवला होता. आणि आपण शहरातले लोक त्याच राईत वाढदिवसाचा केक कापतो, आणि वर तिच्या निसर्गसौंदर्याची वाखाणणी करतो!

तेव्हा चालू नये काय? असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याने हा लेख उलटा धरून वाचला असे मी म्हणेन. चालावे, आणि मिळून चालावे. हॅझ्लिटचा एकांत थोरच. परंतु म्हातारीने विचारलेला तो दुसरा प्रश्न एकांतात चालणाऱ्याला कधी पडणारच नाही, एवढी त्या एकांतात उणीव आहे. मात्र म्होरक्या असेल त्याने सर्वांच्या मागे चालावे. तुकडी पंधरा-वीसाहून मोठी करू नये. मोठी झाली तर दोन कराव्या आणि त्यांच्यात दिवसाचे अंतर ठेवावे. शेतात माणूस दिसला तर बांधावर पाय ठेवण्यापूर्वी त्याला हाक मारावी. तो बहुधा नाही म्हणणार नाही, पण कोणता बांध कच्चा आहे ते सांगेल. जी गावे लागतील त्यांच्या इतिहासाबरोबर त्यांच्या विहिरीची, शाळेची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारीचीही चौकशी करावी. ती करताना चेहरा सर्वेक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यासारखा नसावा.

आणि शक्य असेल तर तिथीचा हट्ट सोडावा. मी हे सुचविले की तरुण मित्र नाराज होतात. पावसावाचून पावनखिंड कसली, असे ते म्हणतात. त्यांची नाराजी मला समजते. पण मार्गशीर्षात ती वाट निराळीच असते. भात कापून, झोडून झालेले असते; खाचरे कोरडी पडलेली असतात, त्यांत गुरे सोडलेली असतात, आणि बांधावरून कोणी गेले तरी बांधाला काही होत नाही. मसाईच्या पठारावर गवत पिवळे झालेले असते. पाणी पाठीवर पुरत नाही, तेव्हा ते मागावे लागते, आणि मागितले म्हणजे सोप्यात बसावयास सांगतात. घरची माणसे घरीच असतात, त्यांना त्या दिवसांत घाई नसते, आणि बाजीप्रभूंची गोष्ट त्यांच्या घरात कशी सांगतात ती ऐकावयास मिळते. तीत आपल्या पुस्तकात नसलेले पुष्कळ असते. खरे किती आणि रचलेले किती, हे संशोधकांनी पाहावे.